खैरलांजी ते उना : बातमीला चळवळ कधी भेटते?

मोबाइलमधील कॅमेऱ्याने सामान्य माणसाच्या हाती साक्ष दिली. मात्र, प्रत्येक साक्षीतून बदल घडतोच असे नाही. दहा वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, की समाजमाध्यमांवरील पत्रकारिता चळवळीला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, याचा उलगडा होतो.

गुजरातच्या गीर सोमनाथ जिल्ह्यात, उना तालुक्यात, मोटा समढियाळा नावाचे लहानसे गाव आहे. ११ जुलै २०१६ रोजी या गावातील एका दलित कुटुंबातील माणसे मेलेल्या गाईचे कातडे काढीत असताना स्वतःला गोरक्षक म्हणविणाऱ्यांचा जमाव तेथे येऊन थडकला. गोहत्येचा आरोप ठेवून त्यांना मारहाण झाली. चौघा तरुणांना कमरेपर्यंत उघडे करून, मोटारीला बांधून उना शहरात आणण्यात आले आणि तेथे भर रस्त्यात पुन्हा झोडपण्यात आले. या साऱ्या प्रकाराचे चित्रीकरण झाले आणि ते केले मारणाऱ्यांच्याच बाजूच्या लोकांनी. आपण काही गुन्हा करीत आहोत, अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नसावी. इतरांना जरब बसावी, या हेतूने ती चित्रफीत समाजमाध्यमांवर सोडण्यात आली.

जरब बसविण्यासाठी निघालेली ही चित्रफीत आठवडाभरात आरोपपत्र ठरली. १८ जुलै रोजी सुरेंद्रनगर येथे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मेलेली जनावरे आणून टाकण्यात आली. राज्यसभेत चर्चा झाली. ३१ जुलै रोजी अहमदाबादेत विराट सभा भरली आणि ५ ऑगस्टला तेथून निघालेली पदयात्रा स्वातंत्र्यदिनी उना येथे पोहोचली. दरम्यान, १ ऑगस्टला गुजरातच्या तत्कालीन मुख्यमंत्री आनंदीबेन पटेल यांनी पद सोडण्याची इच्छा जाहीर केली. या निर्णयामागे पाटीदार आंदोलनासह अन्य कारणेही होती. मात्र, त्यांनी ती घोषणा केली फेसबुकवरून, हे त्या काळाचे बोलके चिन्ह म्हणावे लागेल.

एका चित्रफितीने राज्य हलविले, असे तेव्हा सरसकट म्हटले गेले. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी दहा वर्षे मागे, आपल्याच राज्यात यावे लागेल.

महिनाभर वाट पाहणारी बातमी

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने निर्घृण हत्या केली. फेसबुक सर्वांसाठी खुले होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. व्हॉट्सअ‍ॅप अस्तित्वात यायला आणखी तीन वर्षे होती. खेड्यापाड्यांतील मोबाइलला कॅमेरा नव्हता आणि असला तरी त्यातील चित्र पुढे पाठविण्याची सोय नव्हती.

बातमी दाबली गेली, असे म्हणणे पूर्णपणे बरोबर ठरणार नाही. बातमी आली, पण ती गावातील भांडणातून झालेल्या हत्याकांडाची. जातीचा संदर्भ मागे पडला आणि अनैतिक संबंधांच्या कुजबुजीला मात्र रकान्यात जागा मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेला मजकूर पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत आतल्या पानावर विसावला. आमच्या व्यवसायाने हा हिशेब आजही डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

त्यानंतर जे घडले, ते समाजमाध्यमपूर्व काळातील समाजमाध्यमच होते. कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन पथकांनी गावाला भेटी दिल्या. त्यांचे अहवाल आणि मृतदेहांची छायाचित्रे ई-मेलद्वारे, अनुदिनींतून, छापील पत्रकांतून आणि लघुसंदेशांतून हातोहात फिरली. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती, यवतमाळ अशा ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे या हत्याकांडाला राज्यव्यापी आणि नंतर राष्ट्रीय बातमीचा दर्जा मिळाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची आणि दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणाला लागू होत असल्याचे मान्य केले नाही. ज्या जातीय आशयासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, तो निकालपत्रात उतरला नाही. पहिल्या दिवसांत घटनास्थळी जी नोंद व्हायला हवी होती, ती महिनाभरानंतरच्या संतापाने भरून निघत नसते, हा खैरलांजीचा पहिला धडा.

जुनाच प्रश्न, नवे साधन

आपली बातमी दुसऱ्याच्या हाती असणे, हे महाराष्ट्रातील दलित-बहुजन चळवळीचे जुने दुखणे आहे आणि त्यावरचा उपायही तितकाच जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास त्या काळच्या प्रमुख वृत्तपत्राने नकार दिला होता, हा इतिहास सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी या पाक्षिकाला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. सत्याग्रह आणि त्याची बातमी यांत अंतर पडू द्यायचे नाही, ही त्यामागील दृष्टी होती.

त्याही आधीचे उदाहरण सत्यशोधक परंपरेतील ‘दीनबंधू’चे. या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईतील गिरणी कामगारांचे संघटकही होते. एका हाताने लिहायचे आणि दुसऱ्या हाताने सभा भरवून अर्जांवर सह्या घ्यायच्या, अशी त्यांची रीत होती. १८८४ मध्ये पुढे केलेली साप्ताहिक सुटीची मागणी १८९० मध्ये मान्य झाली. आज आपण रविवारी घरी असतो, त्यामागे बातमी आणि संघटना यांनी सहा वर्षे एकत्र केलेले काम आहे.

समाजमाध्यमांनी या जुन्या प्रयत्नातील छपाई, कागद आणि टपाल यांचा खर्च जवळपास शून्यावर आणला. ‘दलित कॅमेरा’सारखी यूट्यूब वाहिनी किंवा ‘राउंड टेबल इंडिया’सारखे संकेतस्थळ त्यातूनच उभे राहिले. पत्रकार मीना कोटवाल यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या वृत्त-उपक्रमाला ‘द मूकनायक’ हेच नाव दिले, हाही योगायोग नव्हे. साधन बदलले. बातमीला संघटनेची जोड लागते, हा नियम मात्र बदलला नाही.

उनामध्ये काय वेगळे होते?

दलितांवरील अत्याचाराच्या चित्रफिती त्यापूर्वीही फिरल्या होत्या. मग उना येथील चित्रफितीनेच एवढी उलथापालथ का घडवावी?

पहिले कारण म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने आत्महत्या केली. त्याचे अखेरचे पत्र फेसबुकवरून देशभर वाचले गेले आणि विद्यापीठांतील आंबेडकरी विद्यार्थी संघटना रस्त्यावर उतरल्या. सहा महिन्यांनी उना येथील चित्रफीत आली, तेव्हा ती कोणाला पाठवायची, सभा कोठे घ्यायची आणि बोलायला कोण येणार, हे जाळे तयार होते.

दुसरे कारण स्थानिक जखमेचे. सप्टेंबर २०१२ मध्ये सुरेंद्रनगर जिल्ह्यातील थानगढ येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन दलित तरुण मृत्युमुखी पडले होते. त्या घटनेने देशाचे लक्ष वेधले नाही. मात्र, न्यायासाठी चार वर्षे झगडणारे कार्यकर्ते त्यातून घडले होते. २०१६ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी उनाबरोबर थानगढचाही उच्चार केला आणि त्या जुन्या प्रकरणासाठी विशेष तपास पथक नेमणे राज्य सरकारला भाग पडले. ज्या घटनेची चित्रफीत नव्हती, तिलाही दुसऱ्या घटनेच्या चित्रफितीचा आधार मिळाला, तो संघटनेने दोन्ही प्रश्न एकत्र बांधले म्हणून.

तिसरे कारण मागणीचे स्वरूप. निषेधाच्या घोषणा लवकर विरतात. उना आंदोलनाने मेलेली जनावरे उचलण्यास नकार दिला. शतकानुशतके लादलेले काम थांबले, की ते काम किती आवश्यक होते, हे गावाला आणि प्रशासनाला नाकाने कळते. त्याला जोडून भूमिहीन दलित कुटुंबांना पाच एकर जमीन द्यावी, ही ठोस मागणी पुढे आली. या आंदोलनातून पुढे आलेले जिग्नेश मेवाणी डिसेंबर २०१७ मध्ये वडगाम मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले.

चित्रफितीचे श्रेय येथे नेमके ठरविता येते. तिने घटना नाकारण्याची वाट बंद केली. ‘असे काही घडलेच नाही’ किंवा ‘आपसातील बाचाबाची होती’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. खैरलांजीत कार्यकर्त्यांचा महिना हेच सिद्ध करण्यात गेला होता. उनामध्ये तो महिना वाचला आणि ती सवड पदयात्रेच्या कामी आली. समाजमाध्यमांवरील पत्रकारितेने चळवळीला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच, वाचलेल्या वेळाची.

तीच गती, उलटा परिणाम

वेळ वाचविणारी ही गती विवेकालाही सवड देत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी परिसरात फिरत असल्याचे संदेश त्याआधी मोबाइलवरून पसरले होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या या माणसांच्या जिवावर ती अफवा बेतली.

त्या वर्षी देशभर अशाच अफवा पसरविणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानातील कराचीची होती. मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृती करण्यासाठी तयार केलेल्या जाहिरातीचा शेवटचा खुलासा कापून टाकला गेला आणि मुलाला उचलून नेण्याचे नाट्यरूप दृश्य तेवढे फिरत राहिले. चित्र खरे होते, त्याला चिकटवलेला अर्थ खोटा होता. उना येथील चित्रफीत आणि ही चित्रफीत मोबाइलच्या पडद्यावर सारखीच दिसते. दोन्ही पाहून माणूस संतापतो. कोणता संताप न्यायाकडे नेईल आणि कोणता रक्तपाताकडे, हे पडद्यावरून कळत नाही.

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यासह सविस्तर निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. हे उपाय आवश्यक होते, पण ते संदेशाची गती कमी करतात, सत्यता तपासत नाहीत. ते काम माणसालाच करावे लागते.

फिरते ते सारे पुरावा नसते

ते काम म्हणजे काय, हे वाचकांनीही समजून घेण्याजोगे आहे. चित्रफीत हाती आल्यावर ती प्रथम कोणी आणि केव्हा प्रसृत केली, याचा माग काढावा लागतो. दृश्यातील पाट्यांची लिपी, वाहनांचे क्रमांक, बोलीभाषा, ऋतू आणि सावल्या यांवरून स्थळ-काळ पडताळावा लागतो. त्यानंतर घटनास्थळी जाऊन पीडित, साक्षीदार आणि पोलीस अशा तिन्ही बाजूंशी बोलावे लागते. मुंबईतील ‘बूम’ आणि २०१७ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेले ‘ऑल्ट न्यूज’ यांसारख्या संस्थांनी या पडताळणीचीच स्वतंत्र पत्रकारिता केली आहे.

न्यायालयाची कसोटी याहून कडक आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा त्यातील मुद्दा होता आणि त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर केलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब नुसारचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ अन्वये अशा प्रमाणपत्राची अट आहे आणि नोंदीत फेरफार झालेला नाही हे दाखविणारे संगणकीय मूल्यही त्यात नमूद करावे लागते.

याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. दहा गटांतून फिरून आलेली चित्रफीत जनमत जागे करील, पण खटला उभा करण्यास ती कमकुवत ठरू शकते. संदेशातून पुढे जाताना तिचा आकार आणि दर्जा घटतो, मूळ नोंदीतील माहिती गळते. म्हणून ज्याने चित्रीकरण केले, त्याने मूळ फाइल आणि शक्य असेल तर तो मोबाइलही जपून ठेवला पाहिजे. पुढे पाठविलेल्या हजार प्रतींपेक्षा जपलेली एक मूळ प्रत न्यायाच्या अधिक जवळ नेते.

सांगणाऱ्याची जोखीम

या साधनाची किंमतही कोणाला तरी मोजावी लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवरून प्रश्न विचारल्याबद्दल पालघर येथे एका तरुणीला आणि तिच्या मजकुराला पसंती दर्शविणाऱ्या दुसऱ्या तरुणीला अटक झाली. त्या अटकेने देशभर वादळ उठले, दिल्लीतील कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरले. एका ओळीच्या मजकुरातून कायदा बदलल्याचे हे उदाहरण आहे. मात्र, येथेही मजकूर आणि निकाल यांच्यामध्ये याचिका, वकील आणि अडीच वर्षांची चिकाटी उभी होती.

शहरातील माणसाला वकील मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी स्वतःच्या मोबाइलवर बातमी करणाऱ्या तरुणामागे ना संपादक असतो, ना विधी विभाग. ज्याच्याविरुद्ध बातमी, तो त्याच गल्लीत राहतो. म्हणूनच संस्थेचे पाठबळ महत्त्वाचे ठरते. बुंदेलखंडातील चित्रकूट येथे २००२ मध्ये सुरू झालेले ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण महिलांनी चालविलेले पत्र त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. दलित, आदिवासी आणि मुस्लिम समाजांतील या महिलांनी पुढे हाती मोबाइल घेतला आणि छापील पत्राचे डिजिटल वृत्तमाध्यमात रूपांतर केले. रस्ता झाला नाही, अशी बातमी करून त्या थांबत नाहीत. रस्ता झाला का, हे पाहायला पुन्हा त्याच गावी जातात. त्यांच्या कामावरील ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनांत पोहोचला, पण त्यांचे खरे मोजमाप त्या रस्त्यांतच आहे.

संताप ओसरल्यानंतर

समाजमाध्यमांचा स्वभाव पाठपुराव्याला पोषक नाही. नव्या दृश्याखाली जुने दृश्य दिवसभरात गाडले जाते. उना प्रकरणाचा खटला २०१८ मध्ये उभा राहिला आणि पुढे वर्षानुवर्षे चालला. त्यातील किती तारखांची बातमी झाली? २९ एप्रिल २०१८ रोजी त्या पीडित कुटुंबाने मोटा समढियाळा येथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा कॅमेरे पुन्हा गावात आले आणि संध्याकाळी परतले. मारहाण दिसली तितकी तिची भरपाई दिसत नाही. तारखा, नुकसानभरपाईचे अर्ज, फितूर होणारे साक्षीदार, जमिनीच्या पट्ट्यांची फाइल, यांची चित्रफीत होत नाही. बदल मात्र तेथेच होतो किंवा अडतो.

त्यामुळे समाजमाध्यमांवरील पत्रकारितेने चळवळ घडते का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. घटना लपू न देणे, हे काम ती करते आणि पूर्वीच्या कोणत्याही साधनापेक्षा अधिक वेगाने करते. त्या घटनेचा खरेपणा पडताळणे, तिला मागणीचे रूप देणे आणि निकाल लागेपर्यंत तिच्या मागे राहणे, ही तीन कामे वार्ताहर, कार्यकर्ते आणि नागरिक यांना आजही पायीच करावी लागतात.

आणखी एक गोष्ट शिल्लक राहते. चित्रफीत असलेल्या घटनेलाच बातमी मानण्याची सवय वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही रुजू लागली आहे. तालुक्याहून दूरध्वनी आला, की ‘व्हिडिओ आहे का?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो. खैरलांजीत त्या संध्याकाळी कोणाच्याही हाती कॅमेरा नव्हता. थानगढच्या तीन तरुणांनाही चार वर्षे थांबावे लागले. दूरध्वनीवरील माणसाने ‘नाही’ असे उत्तर दिले, तर वार्ताहराने फोन ठेवावा की एसटी पकडावी, यावर पुढची खैरलांजी कोणत्या पानावर येणार, हे ठरणार आहे.